दुसरा ठिपका: पसरलेला की वेगळा?

पेट-सीटीच्या रिपोर्टाच्या शेवटी ‘इम्प्रेशन’ या मथळ्याखाली चार-सहा ओळी असतात. नातेवाईक वरचं सगळं सोडून थेट तिथे पोचतात, आणि खरं सांगायचं तर घाईत असलेले डॉक्टरही. स्कॅन गालाच्या कॅन्सरसाठी केलेला असतो, म्हणून पहिल्या दोन ओळी गालाच्या आणि मानेतल्या गाठींच्या. मग कधीकधी एक अनपेक्षित ओळ येते. तिचा अर्थ साधारण असा: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक छोटी गाठ आहे, ती ग्लुकोज ओढते आहे, पहिल्याच कॅन्सरचा पसारा असू शकतो, दुसरा स्वतंत्र कॅन्सर असू शकतो, पेशी तपासून खात्री करावी.

समजा, हा रुग्ण शेवगाव तालुक्यातला पन्नाशीचा शेतकरी आहे, वीस-पंचवीस वर्षं तंबाखू-चुना खाणारा. (माणूस मी कल्पिलेला आहे, पण नगर जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांत असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.) फुप्फुसातली गाठ जर गालातूनच तिथे गेली असेल, तर आजार दूरवर पसरला असं धरतात. मग गालाच्या मोठ्या ऑपरेशनला बहुतेक वेळा अर्थ उरत नाही. उपचार त्रास कमी करण्यापुरते, आयुष्य थोडं लांबवण्यापुरते. तीच गाठ जर फुप्फुसातच, स्वतंत्रपणे सुरू झाली असेल, तर या माणसाला दोन कॅन्सर आहेत. ऐकायला हे जास्त भयंकर वाटतं. प्रत्यक्षात ही बरी बातमी असू शकते: दोन्ही लवकरच्या टप्प्यात असतील तर दोन्ही काढता येतात आणि माणूस वाचू शकतो.

ठिपका तोच, आकार तोच, चमकही तीच. फरक फक्त त्याला काय म्हणायचं याचा.

‘दुसरा प्राथमिक कॅन्सर’ या कल्पनेचा इतिहास वाचताना मला सगळ्यात धरून ठेवणारी गोष्ट हीच वाटते. हा प्रश्न यंत्रांपेक्षा जुना आहे. यंत्राने तो मृतदेहावरून जिवंत माणसावर आणला, एवढंच. उत्तर मात्र आधीही माणसंच ठरवत होती आणि आजही माणसंच ठरवतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाचे शल्यविशारद थिओडोर बिलरोट यांनी याबाबत अटी घातल्या. दोन गाठी स्वतंत्र म्हणायच्या तर त्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या दिसल्या पाहिजेत, वेगवेगळ्या जागी असल्या पाहिजेत आणि प्रत्येकीने आपापला वेगळा पसारा निर्माण केलेला असला पाहिजे. ही तिसरी अट नीट वाचा. तिची पूर्तता होईपर्यंत रुग्ण बहुधा जिवंत राहणारच नाही! म्हणजे दुसरा कॅन्सर सिद्ध करण्याची जागा होती शवविच्छेदनाचं टेबल. उपचाराशी या व्याख्येचा काही संबंधच नव्हता.

१९३२ मध्ये अमेरिकेत शील्ड्स वॉरन आणि ऑलिव्ह गेट्स यांनी तोपर्यंत छापून आलेली अशी १२५९ प्रकरणं गोळा केली आणि अटी सैल केल्या. दोन्ही गाठी नक्की कॅन्सरच्या असाव्यात, एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात, आणि एक ही दुसरीचा पसारा असण्याची शक्यता वगळलेली असावी. आजही दुसऱ्या कॅन्सरवरच्या बहुतेक लेखांत या दोघांचा हवाला येतोच. संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे एक काम आहे: पाठ्यपुस्तकात व्याख्या आली की ती कोणी, कोणत्या सामग्रीवर केली ते बघायची सवय लावून घ्या. ‘शक्यता वगळलेली असावी’ हे म्हणायला सोपं आहे. वगळायची कशी, हे वॉरन-गेट्स यांनी पुढच्या डॉक्टरांवर सोडलं, आणि पुढची नव्वद वर्षं डॉक्टर त्याच शब्दाशी झटत आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न तोंडाच्या वाटेने आला. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने आलेल्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखूची सवय आणि कॅन्सरची जागा यांचा संबंध त्यांच्यासारख्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेतून सुटणारा नव्हता. विडा किंवा तंबाखूची गोळी ज्या गालात धरायची, तिथली त्वचा आधी बिघडते, हे आता आपल्याकडे गावातल्या आशाताईही सांगतात.

पण तंबाखू काही एका बोटाएवढ्या जागेवर थांबत नाही. रस सगळ्या तोंडात फिरतो, घशात उतरतो. १९५३ मध्ये शिकागोच्या डॅनेली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या ७८३ रुग्णांच्या गाठी आणि आजूबाजूचं अस्तर तपासलं. ८८ जणांत त्यांना एकाहून जास्त स्वतंत्र गाठी सापडल्या. शिवाय वरून चांगलं दिसणारं शेजारचं अस्तरही सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेलं होतं. त्यांनी यासाठी ‘फील्ड’ हा शब्द वापरला, म्हणजे शेतच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावायला काँग्रेस गवताचं उदाहरण पुरेसं आहे. एक झाड उपटलं म्हणजे रान स्वच्छ झालं असं कोणी मानत नाही. बी सगळीकडे पडलेलं आहे, कुठून कधी उगवेल सांगता येत नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, स्वरयंत्र, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचं फुप्फुस: हे सगळं एकच रान.

या कल्पनेने डॉक्टरांची नजर बदलली. एक गाठ सापडली की दुसरी शोधायची, अशी शिस्त आली. स्कॅन नव्हते तेव्हा भूल देऊन नळीने एकाच वेळी स्वरयंत्र, अन्ननलिका आणि श्वासनलिका बघत. छातीचा एक्स-रे तर काढतच. आणि इथे आपल्या देशाचा जुना सोबती आडवा येतो, क्षयरोग. ‘फुप्फुसावर डाग’ म्हटलं की नगरच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पहिला अर्थ टीबी. डाग दिसला की एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करायची आणि काही महिने वाट बघायची. ही वाट कित्येकांना महागात पडलेली आहे, कारण तो डाग कॅन्सरचा होता. उलटंही घडतं. जुन्या टीबीचा व्रण कॅन्सरचा पसारा समजला जातो. एक्स-रेवर सावली असते, सावलीचं कारण नसतं.

आता साखरेकडे येऊ. नगर जिल्ह्यातल्या वाचकांना साखरेचं वेगळं सांगायला नको. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला, आणि त्याच परिसरात, लोणीला, पुढे ग्रामीण रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयही आलं. इथली साखर मात्र वेगळी. १९२० च्या दशकात ओटो वारबुर्ग यांनी दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं खातात. या अधाशीपणाचा माग काढण्यासाठी ग्लुकोजच्या रेणूत थोडा बदल करून त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडतात. नाव एफडीजी. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पण पुढे पचवता येत नाही, म्हणून ते आतच अडकून पडतं आणि बाहेरच्या यंत्राला दिसतं. जिथे जास्त अडकलं तिथे ठिपका जास्त चमकतो.

एफडीजी माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं ऑगस्ट १९७६ मध्ये, आणि ते मेंदूच्या अभ्यासासाठी. कॅन्सर तेव्हा कोणाच्या डोक्यात फारसा नव्हता. तयार झालं न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, द्यायचं होतं फिलाडेल्फियाला. ते विमानाने नेलं. का? कारण त्यातली किरणोत्सारिता दर ११० मिनिटांनी निम्मी होते. म्हणजे या तंत्राच्या पहिल्या डोसपासून घड्याळ मागे लागलेलं आहे.

भारतात पहिला पेट स्कॅनर बसला २००२ मध्ये, परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, आणि त्याच्या सोबतीला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे ही साखर जागच्या जागी बनवण्याचं यंत्र. नुसत्या पेटमध्ये ठिपका चमकतो, पण तो नेमका कुठल्या अवयवात आहे ते धूसर असतं. डेव्हिड टाउनसेंड आणि रॉनाल्ड नट यांनी पेट आणि सीटी एकाच यंत्रात जोडले. त्याचा पहिला नमुना १९९८ मध्ये पिट्सबर्गला चालू झाला. दशकभराच्या आत अशी यंत्रं टाटामध्येही आली.

आता जरा हिशेब करा. परळ ते नगर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. घाट, वाहतूक धरून साडेपाच तास लागले तर ३३० मिनिटं, म्हणजे तीन वेळा निम्मं. निघताना आठ भाग, पोचताना एक. पुण्याहून आणलं तरी अडीच-पावणेतीन तासांत एक तृतीयांशाच्या थोडंफार वर उरतं. हे अशक्य नाही, पण महाग आहे. म्हणून सुरुवातीची वर्षं साखर रुग्णाकडे येण्यापेक्षा रुग्णच साखरेकडे गेला: रात्रीची एसटी, उपाशीपोटी, सोबत मेहुणा किंवा भाऊ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट. दुसरा कॅन्सर कोणाचा ‘सापडतो’ याच्या उत्तरात हा भूगोल धरावाच लागतो. ज्याचा स्कॅनच झाला नाही, त्याला कागदावर एकच कॅन्सर असतो.

स्कॅनमध्ये अनपेक्षित दुसरा कॅन्सर सापडतो तरी किती जणांत? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून २००५ मध्ये आलेला एक अभ्यास या विषयात फार उद्धृत होतो. पेट-सीटी झालेले १९१२ रुग्ण. त्यातल्या ७९ जणांत नव्या, वेगळ्या कॅन्सरचा संशय घेण्यासारखं काही दिसलं. पेशींच्या तपासणीने सिद्ध झाले २२. बातम्यांत यातला कुठलाही आकडा उचलला जाऊ शकतो. ७९ घेतला तर ४.१ टक्के, २२ घेतला तर १.२ टक्के. मधल्या ५७ जणांना एकाच टोपलीत टाकू नका. पुढची तपासणी झाली आणि काही निघालं नाही, हे वेगळं. पुढची तपासणीच झाली नाही, हे वेगळं. शोधनिबंध वाचताना गोषवाऱ्यावर न थांबता ही मधली माणसं कुठे गेली ते तक्त्यांत शोधत जा.

आणि हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे आणता येत नाही. एफडीजी कॅन्सर ओळखत नाही, भूक ओळखतं. क्षयाच्या गाठीत जमलेल्या लढाऊ पेशीही साखर ओढतात आणि तशाच चमकतात. जिथे टीबी कमी तिथल्या ठिपक्याचं वजन वेगळं, जिथे घरटी कोणाला तरी टीबी होऊन गेलेला असतो तिथलं वेगळं. दुसऱ्या बाजूने, अन्ननलिकेच्या अस्तरातला अगदी वरवरचा, बारीक कॅन्सर पेटला दिसत नाही; तिथे जुनी नळीच, म्हणजे एंडोस्कोपी, भारी पडते. यंत्र नवीन आलं म्हणून जुनी तपासणी इतिहासजमा झाली, असं सरळ रेषेत इथे काही घडलेलं नाही.

थायरॉइडचा मुद्दा थोडक्यात उरकतो, पण वगळता येत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या पेटमध्ये थायरॉइडमध्ये एखादाच ठिपका चमकला, तर साधारण तीनातला एक कॅन्सर निघतो. मात्र त्यातले बरेच इतके संथ असतात की माणूस ते घेऊनच म्हातारा झाला असता. दक्षिण कोरियात तपासण्या वाढल्या तसे १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचे निदान १५ पट झाले. त्याने होणारे मृत्यू जवळपास होते तेवढेच राहिले. ‘सापडला’ आणि ‘वाचला’ या दोन क्रियापदांमध्ये अंतर असतं.

आपल्या शेवगावच्या शेतकऱ्याकडे परत जाऊ. सुई घालून फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा काढला. क्षयाची गाठ निघाली तर एकेटी आणि गालाचं ऑपरेशन, दोन्ही मार्ग मोकळे. फुप्फुसाच्या ग्रंथीपेशींचा कॅन्सर, अॅडिनोकार्सिनोमा, निघाला तर निवाडा सोपा: गालात तो असत नाही, म्हणजे हा वेगळा. पण स्क्वेमस पेशींचा निघाला तर? गालातला स्क्वेमस, फुप्फुसातलाही स्क्वेमस, दोन्ही तंबाखूची लेकरं, सूक्ष्मदर्शकाखाली सख्खी भावंडं. बिलरोटची पहिली अट इथे गळून पडते. जनुकांतले बदल ताडून बघता येतात, पण ती सोय सगळीकडे नाही आणि उत्तरही प्रत्येक वेळी स्वच्छ मिळत नाही. गाठ एकटी असेल, मानेतल्या गाठी कमी असतील, पहिल्या आजाराला काही वर्षं उलटली असतील, तर अनेक सर्जन रुग्णाला संशयाचा फायदा देतात. दुसरा कॅन्सर मानून ती गाठ काढतात. मला हे वैद्यकातलं फार माणुसकीचं पाऊल वाटतं. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक लक्षात ठेवावं: या क्षणी कागदावर ‘दुसरा प्राथमिक’ असं जे लिहिलं जातं, ते सिद्ध झालेलं सत्य असतंच असं नाही. कधीकधी तो उपचार करता यावा म्हणून घेतलेला निर्णय असतो.

तो कागद पुढे मोजणीकडे जातो. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात कमी वाचला गेलेला भाग हाच.

मुंबईची लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने, डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने, १९६० च्या दशकात सुरू केली. भारतातली ही पहिली. आयसीएमआरचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८१-८२ चा. पण ही सगळी शहरी गणितं होती. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयात. क्षेत्र बार्शी, भूम आणि परंडा तालुक्यांचं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या जामखेडच्या पलीकडचाच मुलूख. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. रुग्णालयात येईल त्याची नोंद करायची, ही शहरातली पद्धत इथे चालणार नव्हती, कारण गावातला माणूस रुग्णालयात यायचाच नाही. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, संशयित लक्षणं असलेल्यांना तपासणीला आणलं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं होतं. हेतू वेगळा, पण गावाकडे आपण जायचं ही समज तीच.

आता नोंदणी दोन कॅन्सर कसे मोजते ते बघा. जगभरच्या आकड्यांची तुलना करता यावी म्हणून लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नियम ठरवले आहेत. २००४ मध्ये ते सुधारले. दोन गाठींमध्ये किती काळ गेला याला महत्त्व नाही. एका अवयवात, किंवा अवयवांच्या ठरावीक गटात, एकाच प्रकारच्या पेशींचा कॅन्सर पुन्हा झाला तरी तो एकच मोजायचा. आणि ओठ, हिरडी, तोंडाचा तळ, टाळू, गाल हे सगळं मिळून एकच गट.

याचा अर्थ असा, की एखाद्याला २००५ मध्ये डाव्या गालाचा स्क्वेमस कॅन्सर झाला, तो बरा झाला, आणि २०१५ मध्ये उजव्या हिरडीला नवा स्क्वेमस कॅन्सर झाला, तर तुलनेच्या तक्त्यात तो माणूस एकदाच येतो. जीभ मात्र वेगळ्या गटात आहे, तिथे झाला तर दोन. फुप्फुसात झाला आणि डॉक्टरांनी वेगळा म्हटला तर दोन, पसारा म्हटला तर एक. अमेरिकेच्या सीअर नोंदणीचे नियम जास्त सढळ आहेत, तिथे हाच माणूस दोनदा मोजला जाऊ शकतो. जिथे गालाचा आणि हिरडीचा कॅन्सर कमी, तिथे या गटबांधणीने फार बिघडत नाही. जिथे तंबाखू-चुना, गुटखा आणि बायकांमध्ये मिश्री आहे, तिथे मात्र काँग्रेस गवताचं ते अख्खं रान एका रकान्यात जातं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तुलनेसाठी काहीतरी समान माप लागतंच. पण ‘महाराष्ट्रात दुसरा कॅन्सर किती जणांना होतो’ असा प्रश्न घेऊन कोणी छापील तक्ते उघडले, तर उत्तर तक्ते बनण्याआधीच कापलं गेलेलं असतं.

त्यामुळे या विषयावर प्रबंध करायचा विचार असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. आंतरराष्ट्रीय नियम फक्त काय प्रसिद्ध करायचं ते ठरवतात. नोंदणी कार्यालयाला त्यापेक्षा जास्त गाठी स्वतःकडे नोंदवून ठेवायची मुभा आहे. म्हणून अर्जात ‘दुसऱ्या कॅन्सरची आकडेवारी’ असं मोघम मागू नका. एका व्यक्तीच्या नावावर एकाहून जास्त गाठींची नोंद आहे का, असल्यास जागेचा कोड, पेशीप्रकाराचा कोड, निदानाची तारीख, आणि निदान कशावरून केलं, बायोप्सीवरून की नुसत्या स्कॅनवरून, एवढं स्पष्ट विचारा. नावं वगळून माहिती मिळण्यासाठी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागेल, त्याला वेळ जातो, तो आधीच धरा. आणि बायोप्सी की स्कॅन हा रकाना सगळ्यात आधी वाचा.